उंबरठ्याबाहेरचं काम



डिसेंबर आला की रविवारच्या पुरवण्यांत स्मिता पाटीलचं एखादं छायाचित्र हमखास छापून येतं. त्याखालचा मजकूर आता आपल्याला पाठ झाला आहे. तिचे बोलके डोळे, सावळी असूनही मिळालेलं यश, ऐन उमेदीत आलेलं मरण आणि मग जरा आवाज खाली घेऊन 'ते' प्रकरण. एवढ्यात तिचं एकतीस वर्षांचं आयुष्य बसवून टाकलं जातं. 'सावळी असूनही' या दोन शब्दांत आपल्या समाजाची केवढी तरी माहिती आहे, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

या अंकात तिच्याविषयी लिहायचं असं आमच्या गटात ठरलं, तेव्हा आम्ही स्वतःला एक पथ्य घालून घेतलं. डोळ्यांबद्दल लिहायचं नाही. तिनं पडद्यावर उभ्या केलेल्या बायका काय काम करत होत्या, तिला स्वतःला काम करताना कशाकशाला तोंड द्यावं लागलं, आणि ती ज्या कारणानं गेली त्या कारणानं आजही बायका का जातात, हे बघायचं.

स्मिताचा जन्म पुण्यातला, १७ ऑक्टोबर १९५५ चा. आज असती तर सत्तरीच्या घरातली असती. वडील शिवाजीराव पाटील मूळचे शिरपूरचे, स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते, पुढे राज्याचे मंत्री. आई विद्याताई सामाजिक कामात. मुलगी रेणुका स्वरूप शाळेत शिकली आणि राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात वाढली. म्हणजे चारचौघांत उभं राहायचं, सगळ्यांबरोबर जेवायचं, कुठंही झोपायचं, याची सवय तिला घरातूनच होती. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तिथं ती मराठी बातम्या देऊ लागली आणि तिथूनच श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांत गेली. 'निशांत' १९७५ चा, 'मंथन' १९७६ चा, 'भूमिका' १९७७ चा. 'भूमिका'साठी तिला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दुसरा 'चक्र'साठी. १९८५ साली पद्मश्री. पुढच्याच वर्षी ती गेली. जेमतेम एका तपाचं काम, पण हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, मल्याळम अशा अनेक भाषांत पसरलेलं.

या कामाकडे ओळीनं पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. तिच्या बायका सतत काही ना काही काम करत असतात. 'मंथन'मधली बिंदू म्हशी पाळते. (हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.) जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या 'चक्र'मधली अम्मा झोपडपट्टीत मुलाला वाढवते. 'जैत रे जैत'मधली ठाकरांची चिंधी मनाविरुद्धचा नवरा सोडून मनातला माणूस स्वतः निवडते. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या 'सद्गती'त ती दुखी चांभाराची बायको होते, आणि 'आक्रोश'मध्ये आदिवासी लहान्याची. या बायका हंडा उचलतात, केरवारा करतात, भाकरी थापतात, तेव्हा ते काम केल्यासारखं दिसत नाही, केलेलं दिसतं. उकिडवं बसण्याची पद्धत, पदर खोचण्याची पद्धत, थकल्यावर पाठ भिंतीला टेकण्याची पद्धत तिनं बघून, राहून उचललेली होती. आपल्या वस्तीतल्या बायका तिचे चित्रपट बघताना पहिल्यांदा हेच बोलतात, की हिला काम करता येतं.

याचं महत्त्व कळायला मराठी चित्रपट त्याच काळात बायकांना काय दाखवत होता ते आठवावं लागेल. सोसणारी सून, नवस बोलणारी भावजय, भावाच्या साडीची वाट बघत मरणारी बहीण. 'उंबरठा' १९८२ साली आला. नऊ वर्षांनी, १९९१ साली, महाराष्ट्रातल्या बायका गाड्या करून 'माहेरची साडी' बघायला गेल्या आणि रडून परत आल्या. त्या रडण्याला आम्ही हसत नाही. ते रडणं खरं होतं, कारण त्यातला छळ खरा होता. पण त्या चित्रपटानं बायकांना रडून मोकळं केलं आणि घरी पाठवलं. स्मिताच्या बायका बघून रडू कमी येतं, प्रश्न जास्त पडतात.

ही वाट तिला फुकट मिळाली नाही. 'चक्र'चंच उदाहरण घ्या. झोपडपट्टीतली बाई उघड्यावर आंघोळ करते, कारण तिला न्हाणीघर नाही. चित्रपटात तो गरिबीचा पुरावा आहे. वितरकांनी मात्र तेच दृश्य उचलून भिंतीभिंतींवर चिकटवलं. ज्या दृश्यात कॅमेऱ्यानं बाईची लाज राखली होती, त्याच दृश्याला जाहिरातीनं बाजारात उभं केलं. भूमिका कितीही विचारानं निवडली तरी पोस्टर कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न अभिनेत्रीच्या हातात राहत नाही. पुढं 'नमक हलाल'सारख्या धंदेवाईक चित्रपटांतही ती दिसली. तिच्या चाहत्यांना याचं वाईट वाटलं. पण 'कलात्मक' चित्रपटांत दिवस काढून पोट भरत नाही, आणि मोठं नाव असल्याशिवाय लहान चित्रपटालाही प्रेक्षक मिळत नाही, हा हिशेब तिला मांडावा लागला. हाच हिशेब करणाऱ्या नटाला व्यवहारी म्हणतात आणि नटीला घसरली म्हणतात.

'भूमिका' तर याच हिशेबाची गोष्ट. ती हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेली होती. ज्या चित्रपटावरून त्या पुस्तकाला नाव मिळालं तो 'सांगत्ये ऐका' १९५९ साली पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. त्याच्या नायिकेनं मात्र लहान वयात घर चालवण्यासाठी तोंडाला रंग लावला होता. घर तिच्या पैशावर चालायचं आणि तिच्यावर बंधनंही त्याच घरातून यायची. कमावती बाई म्हणजे स्वतंत्र बाई, असं आपण फार सहजपणे म्हणतो. हंसाबाईंनी ते गणित इतकं सोपं नसल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि बाविशीच्या स्मितानं ते पडद्यावर आणलं. चित्रपटाच्या धंद्यातली बाई ही कामगार आहे, तिच्याही कामाच्या जागेला कायदा लागू होतो, ही जाणीव यायला पुढं किती वर्षं लागावीत? केरळात २०१७ साली एका अभिनेत्रीचं अपहरण करून तिच्यावर अत्याचार झाला. त्यानंतर तिथल्या अभिनेत्रींनी संघटित होऊन मागणी केली, तेव्हा हेमा समिती नेमली गेली. समितीनं २०१९ च्या शेवटी अहवाल दिला, तो लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही, काम हवं तर 'तडजोड' करा, हे त्यात कागदावर आलं. अहवाल साडेचार वर्षं कपाटात होता, हेसुद्धा त्या अहवालाइतकंच बोलकं आहे.

आता 'उंबरठा'कडे येऊ. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट आमच्यासारख्या समाजकार्याची पदवी घेतलेल्या बायकांना जरा जास्तच जवळचा वाटतो. कारण मराठी चित्रपटाची नायिका समाजकार्याचं शिक्षण घेते, नोकरी धरते आणि चित्रपटाचा मोठा भाग त्या नोकरीत घडतो, असं त्याआधी आम्हाला तरी कुठं दिसलेलं नाही. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली सून आहे. नवरा वकील, सासूबाई स्वतः समाजसेविका. सुलभानं सासूच्या संस्थेत फावल्या वेळात हातभार लावला असता तर कुणाचीच हरकत नव्हती. तिला मात्र पगाराचं, जबाबदारीचं, पूर्ण वेळेचं काम हवं असतं. दूरच्या गावातल्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून ती जाते आणि लहान मुलगी जावेपाशी राहते.

समाजसेवा आणि समाजकार्य यांतला हा फरक आपल्याकडे आजही नीट समजलेला नाही. सेवा केली की बाईचं कौतुक होतं, कारण सेवेत घर आधी येतं. काम म्हटलं की वेळ आली, पगार आला, अधिकार आले, आणि वरिष्ठांना 'नाही' म्हणणंही आलं. सुलभा 'नाही' म्हणते. आश्रमातल्या मुली पुढाऱ्यांकडे पाठवण्याची रीत ती मोडू बघते, हिशेब विचारते, कोंडलेल्या बायकांशी माणसासारखं बोलते. व्यवस्थापक समितीला हे सोसत नाही. मग चौकशी, ठपका, राजीनामा. घरी परतते तर मुलगी परकी झालेली आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. ती पुन्हा घराबाहेर पडते.

या चित्रपटाला तेव्हाही एकच प्रश्न विचारला गेला आणि आजही तोच विचारला जातो: मुलीचं काय? प्रश्न खोटा नाही. राणीचं पोरकं होणं चित्रपटानंही लपवलेलं नाही. पण दुबईला जाणाऱ्या बापाला, सैन्यात जाणाऱ्या बापाला, पक्षाच्या कामासाठी महिना महिना दौऱ्यावर असणाऱ्या बापाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. आम्ही कर्वेनगरच्या वडार वस्तीत आणि गोसावी वस्तीत 'उंबरठा' दाखवला तेव्हा चर्चा वेगळ्याच दिशेनं गेली. चार घरची धुणीभांडी करणारी एक मावशी म्हणाली, "पोरीला जावेकडं ठेवली यात काय इपरीत झालं? आमी रोज शेजारणीकडं टाकून जातो." दुसरीनं आणखी पुढचं विचारलं. सुलभा निघाली ते बरं झालं, पण तिच्याकडं शिक्षण होतं, तिकिटाला पैसे होते. आश्रमातल्या त्या बाकीच्या बायांनी कुठं जायचं?

हा दुसरा प्रश्न आम्हाला चित्रपटाचा गाभा वाटतो. सुलभाचा उंबरठा एक, आश्रमातल्या बायकांचा दुसरा. तिला बाहेर पडायचं होतं, त्या बाहेर फेकल्या गेल्या होत्या. आपल्या चळवळीनं बाहेर पडणारीची गाणी पुष्कळ केली. बाहेर पडल्यावर ती रात्री कुठं झोपली, याची नोंद त्या मानानं कमी ठेवली.

आपण कर्वेनगरात राहतो, तेव्हा या बाबतीत आपल्या पायाखालच्या जमिनीचाच इतिहास आठवावा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम सुरू केला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर झोपडीत आणला. शहरात विधवांच्या आश्रमाला शेजार मिळणं कठीण होतं. कर्व्यांचं नाव या भागाला मिळालं, ते योग्यच झालं. पण ज्या बायकांनी तो आश्रम रोजच्या रोज चालवला त्यांची नावं किती जणींना सांगता येतील? पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा, आश्रमात आल्यावर शिकलेल्या. त्यांनी आश्रमाची व्यवस्था पाहिली, वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या आणि १९१८ साली अमेरिकेला जाऊन, तिथं लोकांच्या घरी काम करून राहिल्या. पडद्यावरच्या सुलभेच्या कितीतरी आधी हिंगण्यात अशी एक अधीक्षक होऊन गेली होती, तीही स्वतः आश्रमातून वर आलेली. आसरा घेणारीलाच पुढं आसरा चालवता यावा, हा हिंगण्याचा मोठा धडा आहे. आज किती महिलाश्रमांच्या कार्यकारिणीवर त्याच आश्रमात राहून गेलेली बाई आहे, हे आपापल्या गावात विचारून बघा.

शिकत असताना क्षेत्रकार्यासाठी मी एका महिला वसतिगृहात काही महिने जात होते. तिथं कुणी मारझोड करत नव्हतं. जेवण वेळेवर मिळायचं. पण आलेली पत्रं आधी कार्यालयात फोडली जायची, भेटीला कुणी आलं तर शेजारी शिपाई बसायचा, आणि तिथल्या बाईला 'तू इथून गेल्यावर काय करणार' हे विचारण्याचा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता. संकटातल्या बाईला ठेवून घेण्याची व्यवस्था होती, उभं करण्याची नव्हती.

१९८२ नंतर बदललं काय, हे प्रामाणिकपणे मांडायला हवं. बदललं पुष्कळ. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात आश्रयगृह आहे, संरक्षण अधिकारी आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. घर कुणाच्याही नावावर असो, कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय बाईला तिथून बाहेर काढता येत नाही. पूर्वी मार खाणारीनंच उठून जायचं असायचं. उंबरठा ओलांडण्याचं धैर्य लागतं हे खरं, पण उंबरठ्याच्या आत मानानं राहण्याचाही हक्क असतो, हे कायद्यानं पहिल्यांदा मान्य केलं.

आणि काय बदललं नाही? २०१७ साली मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटानं बिहारमधल्या आश्रयगृहांची पाहणी केली. त्या अहवालातून २०१८ साली मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाचं प्रकरण बाहेर आलं. अनुदान घेणाऱ्या संस्थेत मुलींवर अत्याचार होत होते, तपासणीला येणारे येत होते, सह्या करून जात होते. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं १९ जणांना दोषी ठरवलं. 'उंबरठा'ची पटकथा जणू छत्तीस वर्षांनी सरकारी कागदपत्रांत पुन्हा लिहिली गेली. फरक एवढाच, की या वेळी समाजकार्य करणाऱ्यांचा अहवाल दाबला गेला नाही. त्यामागं सुलभासारखा एकटीचा राजीनामा नव्हता, एका संस्थेची आणि गटाची ताकद होती. एकटी अधीक्षक कितीही खंबीर असली तरी समिती तिला बाहेर काढू शकते. म्हणून बाहेरच्यांनी केलेली नियमित पाहणी हवी आणि ती पाहणी लोकांसमोर मांडलेली हवी.

चित्रपटातली एक गोष्ट मात्र आज खटकल्याशिवाय राहत नाही. आश्रमातल्या दोन बायका एकमेकींवर प्रेम करू लागतात तेव्हा समिती त्यांची किळस करते, आणि सुलभा त्यांना मानसोपचारांची गरज आहे अशी बाजू घेते. त्या काळात ती बाजू उदार वाटली असेल. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली समलिंगी प्रेम आजारांच्या यादीतून काढलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ते गुन्ह्यांच्याही यादीतून काढलं. चित्रपट मोठा आहे म्हणून त्याची चूक झाकायची गरज नाही. तो दाखवताना ही चर्चा मुद्दाम करावी.

आता त्या 'प्रकरणा'विषयी. टाळून चालणार नाही, कारण टाळलं की कुजबुज उरते. स्मिता स्त्रियांच्या चळवळीच्या जवळ होती, मुंबईच्या विमेन्स सेंटरशी तिचं नातं होतं. आणि तिनं राज बब्बर यांच्याशी नातं जोडलं तेव्हा ते विवाहित होते, दोन मुलांचे वडील होते. चळवळीतल्या अनेकींना हे सहन झालं नाही. विवाहित बाईच्या हक्कांसाठी आपण भांडतो आणि आपलीच मैत्रीण दुसऱ्या बाईच्या संसारात जाते, ही अस्वस्थता खोटी नव्हती. आम्हीही ती खोटी ठरवत नाही. पण त्या काळच्या मासिकांनी दोष कसा वाटला ते बघा. सगळी शाई 'घर फोडणारी'वर खर्च झाली. ज्याचं घर होतं त्याच्या वाट्याला फारशी आली नाही. आणि नादिरा बब्बर, ज्यांनी १९८१ साली 'एकजुट' ही नाट्यसंस्था उभी केली आणि पुढची अनेक दशकं रंगभूमीवर काम केलं, त्या 'पहिली बायको' एवढ्याच उरल्या. दोन कर्तबगार बायका एका पुरुषाच्या संदर्भात पहिली आणि दुसरी ठरल्या. योगायोग असा, की त्याच १९८२ मध्ये 'अर्थ' या चित्रपटात स्मितानं दुसऱ्या बाईचीच भूमिका केली होती, आणि ती दुसरी बाई किती एकटी, किती घाबरलेली असते हे दाखवलं होतं.

आपल्या समुपदेशन केंद्रात पहिली येते तशी दुसरीही येते. पुष्कळदा दुसरीला आपण दुसरी आहोत हे लग्नानंतर कळलेलं असतं. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात अशा बाईसाठी 'ठेवलेली' या अर्थाचा शब्द आला, तेव्हा ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच त्यावर आक्षेप घेतला. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं, की पहिलं लग्न लपवून ज्यानं दुसरं केलं त्याला दुसरीची पोटगी चुकवता येणार नाही. आपल्या चूकीचा फायदा त्यालाच का मिळावा, असा त्यामागचा साधा न्याय आहे. केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा निकाल जवळ ठेवावा. आणि स्मिताला ना देवी करावं, ना डाग लावावा. तिनं केलेली निवड तिची होती, तिच्या कामाचं मोल त्यानं वाढत नाही की घटत नाही.

शेवटचा मुद्दा तिच्या मरणाचा. २८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला आणि १३ डिसेंबरला ती गेली. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीनं. पंधरा दिवसांची बाळंतीण. सगळे पुरस्कार, सगळं नाव, मुंबईसारखं शहर, आणि तरीही. तिच्या मरणाला 'दैवदुर्विलास' म्हणून आपण गहिवरतो, पण त्याचं नाव मातामृत्यू आहे हे क्वचितच म्हणतो. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांच्या आत त्यासंबंधीच्या कारणानं बाई गेली तर तो मातामृत्यू धरतात. आपल्या आयाआज्या सव्वा महिना म्हणत, तो जवळपास हाच काळ. त्या सव्वा महिन्यात विटाळाचे नियम कडक होते, पण बाईला उठू न देण्यात थोडं शहाणपणही होतं.

महाराष्ट्रानं या बाबतीत बरीच मजल मारली. २०१८ ते २० या काळात लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, त्याचा हा मोठा परिणाम. पण दवाखाना दोन-तीन दिवसांत घरी पाठवतो आणि धोका घरी आल्यावरही संपलेला नसतो. म्हणून आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला बघायचं असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात भेट झाली तरी सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनावर असतं. बाळंतिणीला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, स्रावाला घाण वास येतोय का, ओटीपोट दुखतंय का, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी येतेय का, हे तिला कुणी विचारत नाही. तीही सांगत नाही. बाळ लहान आहे, दवाखान्यात कोण नेणार, सासूला कसं सांगू. ताप अंगावर काढायचा ही आपल्याकडे बाईची सवय मानली जाते, गुण मानला जातो. यांतलं एकही लक्षण दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही, एवढं तरी प्रत्येक घरात पोचायला हवं. नोकरदार बाईला २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची रजा मिळते, पण आपल्या वस्तीतली धुणीभांडी करणारी सव्वा महिनाही घरी बसू शकत नाही, कारण तिच्या जागी दुसरी लागते. स्मिताची आठवण काढताना या मुलींची आठवण काढणं आम्हाला जास्त खरं वाटतं.

तिच्या मरणानंतर १९८७ साली 'मिर्च मसाला' लोकांसमोर आला. सुभेदार एका बाईची मागणी करतो, गाव तिला देऊन टाकायला तयार होतं. मिरचीच्या कारखान्यातल्या ज्या बायका आधी सोनबाईला दोष देत होत्या, त्याच शेवटी एकत्र होऊन हातातल्या मिरचीच्या पुडीनं त्याला अडवतात. त्यांच्याकडे शस्त्र नसतं, असतं ते त्यांच्या रोजच्या कामातलं सामान.

तर या तीन महिन्यांसाठी आपलंही रोजच्या कामातलंच सामान घेऊ या. एक: आपापल्या भागात 'उंबरठा' दाखवा आणि नंतर तासभर बोला. मुलीचं काय, हा प्रश्न येऊ द्या, आणि आश्रमातल्या बायांचं काय, हाही. दोन: जवळच्या महिला वसतिगृहात किंवा आश्रयगृहात रीतसर परवानगी घेऊन जा, तिथल्या बायकांशी बोला, अधीक्षकबाईंशीही बोला. त्या आपल्या विरोधात नसतात, बहुतेक वेळा एकट्या असतात. तीन: आपल्या गल्लीत कुणी बाळंत झाली असेल तर बाळाला बघायला जाताना पहिला प्रश्न तिच्या तापाचा विचारा.

महिलाश्रमांत, वसतिगृहांत, समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या मैत्रिणींनी आपले अनुभव पुढच्या अंकासाठी जरूर पाठवावेत. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका. तिथं राहून गेलेल्या एखादीनं लिहिलं, किंवा सांगितलं आणि दुसरीनं लिहून घेतलं, तर ते आम्ही पहिल्या पानावर छापू.